पोटावर हात ठेवून

रानशेतच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हापासून एका गोष्टीने माझं डोकं फिरतं. कुणाला फिट आली की नाकाशी कांदा, नाहीतर चप्पल. दुसरीत शिकणाऱ्या एका पोरीचंही तेच चाललं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला तेव्हा मला कोण आनंद झाला! तिच्या आईला मी घरी जाऊन शिकवलं. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर पोरीला कुशीवर वळवायचं, दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा, मग पोटावर हात ठेवून श्वास मोजत बसायचं. या औषधाने कधी कधी श्वास मंदावतो, हे तीनदा बजावलं. बजावण्यात मी पटाईत आहे.

आठवड्याने गेले तर भर दुपारी आई पडवीत गाढ झोपलेली. पोर तिच्या पोटावर हात ठेवून मोजत होती. शंभरापुढे येत नसल्याने पुन्हा एकपासून.

"आयेन माझा औषध घेतला," ती म्हणाली.

मी पिशवी टाकून धावले. हलवलं तशी आई डोळे चोळत उठली, आणि मग मी तिला फाडफाड बोलले.

"सिस्टर, नव्या जागचा कंद आनला का मी आधी खाते. दिस कलेपर्यंत बघते. मग पोरीला देते. तुम्हीच बोलल्या ना, श्वास मंद होते?"

"हा काय रानातला कंद आहे? आणि तेवढ्यात हिला फिट आली असती तर?"

तिने पोरीला जवळ ओढलं. परतताना मात्र मला माझीच लाज वाटली. डॉक्टर 'सुरक्षित आहे' म्हणाले आणि मी नुसती मान डोलावली होती. मोठ्या बाईचं अंग वेगळं, पोरीचं वेगळं, तिच्यावरून हिचं कळत नाही, हे सांगायचं सोडून मी ओरडत बसले. दुसऱ्या दिवशी जाऊन ते शांतपणे सांगितलं.

महिन्याने तिचा फोन आला. फवारे दिले, झटका थांबला, पोर झोपली. मी स्कूटर काढली. पोचले तेव्हा ती पोरीच्या पोटावर हात ठेवून बसली होती, ओठ हलत होते. मीही मोजले. श्वास नीट होता.

बऱ्याच वेळाने पोरीने डोळे उघडले. पोटावरचा हात पाहिला.

"आये, किती झाला?"

"शंभर झाला का परत एकपासून," आई म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.