नानांनी तोंडात घेतलेला घोट

नानांनी उभ्या आयुष्यात वाईनचा थेंब चाखला नव्हता, आणि कोल्हारजवळच्या आमच्या छोट्याशा वायनरीत वाईन त्यांच्याइतकी कुणालाच कळत नव्हती. मी पुण्याहून वाईन बनवण्याचा कोर्स करून आले होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. नाना टाक्या धुण्याच्या कामावर होते. पहिल्या महिन्यातच त्यांनी माझी पुरती जिरवली.

झालं असं की, सिराह द्राक्षाच्या दोन वाईन मी सारख्याच पेल्यांत ओतून ठेवल्या आणि कोणती कुठली ते विसरले. एक अकोले तालुक्यातल्या डोंगरावरच्या मळ्याची, दुसरी कोल्हारच्या काळ्या रानातली. मी दोन्ही चाखून डोकं खाजवत होते. नानांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि वाकून दोन्ही पेले हुंगले. "ह्यो अकोल्याचा. मिरी कुटल्यावानी वास हाय. अन् ह्यो आपला, कोल्हारचा. जांभूळ पिकून खाली पडतं ना, तसला." मी बाटल्या तपासल्या. बरोबर होतं.

तेव्हापासून माझी त्यांच्याकडे शिकवणीच लागली म्हणा ना. त्यांचं शास्त्र सरळ होतं. सकाळी कांदा खायचा नाही, हाताला साबण लावायचा नाही, पेला तळहातात धरून जरा ऊब द्यायची. वाईन ओतून दिली की रिकामा पेला पुन्हा हुंगायचा. "भरलेला असला की लई गलका करतो," ते म्हणायचे. मी परदेशी सिराहच्या बाटल्या मागवल्या. फ्रान्सची हुंगून म्हणाले, "चुलीवर टांगून सुकवल्यालं मटन." ऑस्ट्रेलियाची नाकाशी नेली आणि लगेच बाजूला केली. "ह्यात निलगिरीचं त्याल कुनी टाकलं?" पुस्तकांतही त्या वाईनबद्दल हेच लिहिलेलं होतं, फक्त भाषा जडजड.

"तोंडात का घेत नाही?" असं मी एकदा विचारलं होतं. नाना बौद्ध. त्यांच्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हापासून घरात दारू नव्हती. दर रविवारी ते गावातल्या विहारात मुलांपुढे उभे राहून पंचशील म्हणून घ्यायचे. "पाचवं शील दारू न घेन्याचं. पोरांकडून म्हनून घेतो मी. मग मीच कशी घेनार? हितं काम हाय, ते नाकानं करतो." मी मान डोलावली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

मग मुंबईच्या एका हॉटेलचे खरेदीदार आले. आमच्या दोन गावांच्या सिराहमध्ये खरंच फरक आहे, हे त्यांना पटलं तर मोठी ऑर्डर मिळणार होती. मी आमच्या दोन आणि परदेशी दोन अशा वाईनचे चार पेले मांडले, बाटल्या फडक्यात गुंडाळल्या आणि मोठ्या ऐटीत नानांना बोलावलं. त्यांनी चारही ओळखल्या. पाहुण्यांपैकी एक जण हसला. "नुसत्या वासावर? आधी पढवून ठेवलं असेल. तोंडात घेऊन फरक सांगू देत, मग मानतो."

मी नानांकडे पाहिलं. "घ्या ना, नाना. लगेच थुंकायचंच तर आहे. गिळलं नाही तर ते पिणं कसलं?"

"ताई, तुमाला म्हाईत हाय."

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

ते शब्द आठवले की आजही मला माझीच किळस येते. नानांनी आमच्या दोन्ही वाईन एकेक करून तोंडात घेतल्या, थुंकल्या, आणि खाली बघत म्हणाले, "अकोल्याची जिभेच्या कडंला चावती. कोल्हारची मधी बसून ऱ्हाती." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ऑर्डर मिळाली.

रविवारी मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन विहारात गेले. माफी मागायचं पक्कं ठरवलं होतं. मागे बायकांत बसले. नाना उठून उभे राहिले. "पोरांनो, आज म्होरं मी न्हाई. पाचवं शील मोडलं मी. दारू तोंडात घेतली. थुकली, पन घेतली." एका म्हातारीनं विचारलं, "कुनी जबरदस्ती केली का रं?"

नानांची नजर माझ्यावरून गेली. थांबली नाही. "न्हाई. हात माझाच हुता."

'मी करायला लावलं,' एवढंच मला म्हणायचं होतं. मांडीवरचा बॉक्स मी घट्ट धरून बसले. सातवीतली एक मुलगी पुढे आली, शील म्हणू लागली, आणि नाना मुलांच्या रांगेत बसून हात जोडून तिच्यामागून म्हणू लागले.

महिनाभरानं ते काम सोडून केडगावला मुलाकडे राहायला निघाले. तोवर टाक्या रोज धूत होते, पेल्याला मात्र त्यांनी पुन्हा नाक लावलं नाही आणि मीही कधी पुढे केला नाही. जाताना मला भेटायला ऑफिसात आले. मला वाटलं, आता मला रागावून बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"ताई, त्या दिशी तुमी विहारात आल्ता," नाना म्हणाले. "लई धीर आला मला."

मी "हो" म्हणाले.