ताडपत्रीखालचे चार प्लग

शुक्रवारी दुपारची एसटी कधी वेळेवर येत नाही, म्हणूनच समोरच्या घरातले चाचा माझ्या ओळखीचे झाले. बोर्ली पंचतनच्या स्टँडसमोरच त्यांचं अंगण. नमाजहून आले की ते ताडपत्री बाजूला सारतात, लुंगी आवरून बसतात आणि मुलाच्या बंद गाडीचे चारही स्पार्क प्लग काढून पुसतात.

"हिच्यात पिस्टन नाय," एकदा त्यांनी सांगितलं. "आत तिकोनी रोटर फिरतो. वरचे प्लग वेगळे, खालचे वेगळे. भलताच घातला तर इंजिन गेलं."

सीटवर नव्या प्लगांचा खोका होता, सील न फोडलेला. मुलगा सौदीत वारला, तेव्हा त्याच्या सामानातून आलेला.

"बरोबरचे आलेत तर बसवा की, चाचा," मी बोलून गेले. "गाडी चालू होईल."

त्यांनी खोका उचलला आणि तसाच परत सीटवर ठेवला.

"पोरगा फोनवर बोललेला, अब्बा, तुम्ही हात लावू नका. वरचा खाली घालाल. मी आल्यावर बसवतो."

मग रस्त्याकडे बघत त्यांनी जुनेच प्लग परत बसवले. वरचे वर, खालचे खाली, हाताकडे एकदाही न बघता.