वाचता आल्यानंतरचा वर्ग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी शहाद्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. माझं माहेर धुळ्याचं. गावातल्या वाचनालयाचे चिटणीस एक निवृत्त वकील होते. साक्षरता वर्गात शिकलेल्या बायकांसाठी दर गुरुवारी दुपारी वाचनालय उघडं ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं आणि मला बोलावून घेतलं.

"बाई, यांना अक्षरं जोडून वाचता येतं," ते म्हणाले, "पण हवं ते शोधता येत नाही. पुढचा वर्ग तुम्ही आखा."

मी उत्साहाने आखणी केली. एका गुरुवारी शब्दकोश कसा पाहायचा, दुसऱ्या गुरुवारी पुस्तकाची अनुक्रमणिका, मग पंचांग, नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक. कागदावर ते फार छान दिसत होतं. बायका यायच्या, जाजमावर बसायच्या आणि पदर सावरत ऐकून घ्यायच्या. शब्दकोशाच्या दिवशी एकीने विचारलं, "बाई, हाई काय कामनं शे?" मी शब्दांचा क्रम समजावून सांगितला. तिने मान डोलावली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. कापसाची वेचणी सुरू झाली तशा आणखी गळल्या. चिटणीस येता-जाता दारातून डोकावू लागले.

अशाच एका गुरुवारी, वर्ग सुरू व्हायच्या आधीच, जवळच्या खेड्यातली एक तरुण बाई आली. तिचा नवरा पलटणीत भरती झाला होता आणि बरेच महिने त्याचं पत्र नव्हतं. ती नेमाने वर्गाला यायची, पण कधी बोलायची नाही. त्या दिवशी तिच्या मागे तिचा सासरा होता. जमीनजुमला असलेला, डोक्याला मोठं पागोटं बांधणारा म्हातारा. तो आत आला नाही, ओट्यावरच बसला.

"बाई, त्यासनं जहाज बुडनं म्हनतस," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "मन्ह्या बांगड्या फोडाना म्हनतस."

मी विचारलं, कोण म्हणतं?

तिने बाहेर पाहिलं. म्हाताऱ्याने ओट्यावरूनच उत्तर दिलं, "पेपरमा छापेल शे." दोंडाईच्याच्या जिनिंगवर कुणीतरी पेपर वाचून दाखवला होता. तिथून कापसाच्या गाड्या परतल्या आणि त्यांच्याबरोबर बातमी गावात आली. घरात रडारड होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी क्रियाकर्माला सुरुवात करायची होती. सुनेने एवढंच म्हटलं होतं, की मला तो पेपर एकदा वाचू द्या. सासऱ्याने ते ऐकलं, हे मला आजही विशेष वाटतं.

मुंबईचा पेपर आमच्याकडे तापी ओलांडून शिळा होऊनच यायचा. मी त्या आठवड्याचे सगळे अंक काढून जाजमावर पसरले. तोवर इतर बायकाही आल्या. मी बातमी शोधून द्यायला गेले, पण तिने अंक माझ्या हातातून घेतला. बोट ठेवून एकेक मथळा ती वाचत गेली. वेळ लागला. कुणी घाई केली नाही. शेवटी एका कोपऱ्यात चार ओळी सापडल्या. तिने मोठ्याने वाचलं, "सैन्य नेणारे जहाज बुडविल्याचा शत्रूच्या रेडिओचा दावा."

ती थांबली. "दावा?"

मी काही सांगायच्या आत ओट्यावरून म्हातारा उठला आणि आत आला. "काय लिखेल शे? पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचलं. तो खाली बसला. "दावा तं मन्हा भाऊबंदबी करी बठना शे," तो म्हणाला. "निकाल कोठे शे?"

बांधावरून त्याचं भावकीशी भांडण कोर्टात पडून होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मग निकाल शोधायला सगळ्याजणी पुढचे अंक घेऊन बसल्या. कुठल्या जहाजाचं नाव दिलं आहे का, कुठल्या समुद्रात, सरकारने ते कबूल केलं आहे का, हे त्यांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली. एकीने भिंतीवरचा नकाशा काढून आणला. कबुली कुठेच सापडली नाही. नाकबुलीही नाही.

मी तिला सांगितलं, "तो बुडाला असं यात लिहिलेलं नाही. तो सुखरूप आहे असंही नाही."

"समजनं माले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीचं क्रियाकर्म सासऱ्याने थांबवलं. चिटणिसांच्या सल्ल्याने तिने धुळ्याच्या सरकारी कचेरीत नवऱ्याच्या चौकशीचा अर्ज केला. तो तिने स्वतः लिहिला, मी फक्त पत्ता सांगितला. उत्तर पावसाळ्याच्या तोंडाशी आलं: अशा इसमाच्या मृत्यूची नोंद नाही. मधल्या काळात गावात तिच्या हातातल्या बांगड्यांवरून बरंच बोललं गेलं. युद्ध संपल्यावर नवरा परत आला. एका कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. त्या हंगामात तो जहाजावर चढलाच नव्हता, देवळालीच्या छावणीत तापाने पडून होता.

त्या दुपारनंतर मी आखणी बदलली. बायकांनी आपला प्रश्न घेऊन यायचं आणि तो ज्यात सुटेल ते पुस्तक त्या दिवशी उघडायचं. शब्दकोश पुन्हा निघाला, पण तो कुणाच्या तरी अर्जातल्या अडलेल्या शब्दासाठी. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिलं का, आणि दुसरीकडे तेच लिहिलं आहे का, एवढं प्रत्येक वेळी विचारायची सवय लावली. चिटणिसांना हे विस्कळीत वाटायचं. वार्षिक सभेत दाखवायला त्यांना विषयवार तक्ता हवा होता. मी तो करून दिला. वर्ग मात्र त्याप्रमाणे चालला नाही.

सगळ्यांना सगळं साधलं असं नाही. पुढच्याच वर्षी त्या म्हाताऱ्याने जाहिरात वाचून बैलांच्या बुळकांडी रोगावरच्या औषधाची एक बाटली मागवली. सुनेने विचारलं, ही जाहिरात कुणी छापली? तो म्हणाला, औषधवाल्यानेच, दुसरं कोण छापणार? आणि बैलांना ते औषध पाजलं.