उसना दशक

लतिका आगाशे लग्नाआधी मिरजेच्या मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेली मुलगी वजाबाकीत चुकत नाही, असं तिथल्या मुख्याध्यापिकाबाई म्हणत. लतिकानं ते कधी कुणाला सांगितलं नाही, पण विसरलीही नाही. पुढं नवरा श्रीपाद जर्मनीत डार्मस्टाटच्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, डॉक्टरेट करायला गेला आणि दोन वर्षांनी तीही शुभाला घेऊन तिथं आली. एकोणीसशे त्रेसष्ट सालची गोष्ट.

शुभा नऊ वर्षांची. जर्मन येत नाही म्हणून शाळेनं तिला दुसरीत बसवलं. उंचीनं ती श्रीपादवर गेलेली, त्यामुळं सात वर्षांच्या पोरांत ताडासारखी दिसायची. पोरं तिला ‘ओमा’ म्हणू लागली. ओमा म्हणजे आजी. रोज दुपारी घरी आली की पोर दप्तर आपटायची आणि सांगायची, “आज पण ओमा.”

मार्चमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, भाषा आता बरी झाली आहे. आठवडाभर तिसरीत बसू दे. शुक्रवारी गणिताची परीक्षा आहे. जमली तर तिसरीतच राहील, नाही तर पुन्हा दुसरीत.

“तिसरीत या आठवड्यात काय चाललंय?” लतिकानं विचारलं.

“वजाबाकी,” शुभा म्हणाली.

लतिका मनापासून हसली. जर्मनीत आल्यापासून भाजीवाल्यापासून घरमालकिणीपर्यंत सगळ्यांपुढं ती अडाणी ठरत होती. वजाबाकी म्हणजे तिचा स्वतःचा प्रांत. सोमवारी दुपारीच तिनं शुभाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

“त्रेचाळीस वजा सत्तावीस. तिनातून सात जातात का?”

“नाही.”

“मग काय करायचं? घरातली साखर संपली तर आपण काय करतो?”

“दुकानात जातो.”

“अगं, दुकान बंद आहे. शेजारच्या काकूंकडून वाटीभर उसनी आणतो की नाही? तसा दशकाच्या घरातून एक उसना घ्यायचा. चाराला काट मारायची, वर तीन लिहायचे. इकडं झाले तेरा. तेरातून सात गेले, सहा. तिनातून दोन गेले, एक. सोळा!”

“आई, इथं कुणी कुणाकडे साखर मागत नाही.”

“गणितात मागतात. लिही.”

शुभानं पानभर उदाहरणं केली. एक चुकलं नाही. मंगळवारी वही परत आली ती तांबड्या शाईनं रंगून. उत्तरांवर बरोबरच्या खुणा होत्या, पण काट मारलेल्या प्रत्येक आकड्याभोवती गोल. खाली बाईंनी लिहिलं होतं, आकडे खोडू नयेत, वर्गात शिकवलेल्या रीतीनंच करावं.

लतिकाचं डोकं तापलं. “अहो, ऐकलंत? उत्तर बरोबर, आणि रीत चूक! ही कुठली शाळा?”

श्रीपाद आलेखाच्या कागदावर वाकलेला होता. “त्यांची काही वेगळी पद्धत असेल. दोन्हीकडून उत्तर एकच येणार ना?”

“तेच म्हणतेय मी!”

“मग भांडण कशाचं आहे?”

“तुम्ही आपले उष्णतेचे आलेख काढा,” लतिका म्हणाली आणि शुभाला आणखी पानभर उदाहरणं घातली. आपल्या रीतीनं. खोडून.

बुधवारी दुपारी शुभानं दप्तर आपटलं नाही. वही टेबलावर ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. लतिकानं वही उघडली. पहिलंच उदाहरण, त्रेचाळीस वजा सत्तावीस. उत्तर, सहा.

“सहा? सोमवारी सोळा आलं होतं ना तुला?”

दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. सगळी उत्तरं दहानं कमी. तिनं नीट निरखून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. पोरीनं वर चाराला काट मारून तीन केले होते आणि खाली दोनाशेजारी बारीक एकही लिहिला होता. आईसाठी वरून एक घेतला, बाईंसाठी खाली एक दिला. दोघींचं मन राखलं आणि दशक बुडवला.

“हा खालचा एक कुठून आला?”

“फ्राउ लिंडेमान बाईंनी सांगितलाय,” शुभा वळून न पाहता म्हणाली. “आणि वरचा तू.” मग जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली.

“मराठीत बोल.”

“परवा मी ओमा होणार!” शुभा ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लतिका साडीवर श्रीपादचा कोट चढवून शाळेत गेली. बाईंना चार शब्द सुनावायचे ठरवलेच होते. शब्दकोशात पाहून वाक्यंही जुळवली होती. फ्राउ लिंडेमान पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी ती वाक्यं शांतपणे ऐकली, “आल्झो,” म्हणजे ‘बरं तर’, असं म्हणाल्या आणि मागच्या बाकाकडं बोट दाखवलं. लतिका गुडघे हनुवटीशी घेऊन लहान मुलांच्या बाकावर बसली.

तास सुरू झाला. बाईंनी फळ्यावर तेच मांडलं, त्रेचाळीस आणि खाली सत्तावीस. सातात किती मिळवले म्हणजे तेरा? पोरं ओरडली, सहा! एक ध्यानात ठेवून खाली लिहायचा. दोन आणि एक तीन. तिनात किती मिळवले म्हणजे चार? एक! उसनं नाही, खोडाखोड नाही. काढून घ्यायचं नाहीच, खालून भर घालत वर पोचायचं. मागच्या रांगेतल्या मठ्ठ दिसणाऱ्या पोराला बाईंनी तीनदा विचारलं, न चिडता, आणि तिसऱ्यांदा त्याचं बरोबर आलं.

लतिकाला चूक काढायची होती. तासभर तिनं शोधली. बाई चांगल्या शिकवत होत्या, आणि याचाच तिला जास्त राग आला. निघताना फ्राउ लिंडेमान एवढंच म्हणाल्या, “तुमची रीत मला कळते. पण मुलीपुढं दोन शिक्षिका नकोत.”

घरी येईपर्यंत लतिका स्वतःशीच बडबडत होती. शुभा आली तशी तिनं टेबलाशी दोन खुर्च्या ओढल्या आणि पेन्सिल पोरीच्या हातात दिली.

“मला शिकव.”

“तुला येतं की.”

“त्या बाईंचं नाही येत. सबंध शिकव, म्हणजे तुझंही पक्कं होईल.”

शुभानं संशयानं पाहिलं, मग बासष्ट वजा पस्तीस मांडलं. लतिकाचा हात सवयीनं सहाकडं गेला.

“आई! वर हात न्यायचा नाही!” शुभानं पेन्सिल टेबलावर आपटली. “पाचात किती मिळवले म्हणजे बारा?”

“बारातून पाच गेले…”

“गेले नाही! मिळवले! लक्ष कुठं आहे तुझं?”

श्रीपादनं आतून डोकं काढलं. “कोण ओरडतंय? मिरजेच्या बाई वाटल्या.”

“तुम्ही आत जा,” दोघी एकदम म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत लतिकाची उदाहरणं चुकत होती आणि शुभाची चुकेनाशी झाली होती. चूक सापडली की पोर तिच्याभोवती फ्राउ लिंडेमानसारखा गोल काढायची. लतिका प्रत्येक गोलाला चरफडली, पण तिनं खोडरबर हातात घेतलं नाही.

शुक्रवारी परीक्षा झाली, शनिवारी निकाल. अर्धा दिवस शाळा होती. जिन्यात दप्तराचा धपधप आवाज आला आणि लतिका हातातली कणीक तशीच ठेवून दारात आली.

“एक चुकलं,” शुभा म्हणाली.

“म्हणजे?”

“एकच. मी तिसरीतच आहे, गेनाऊ, अगदी पक्कं!” मग बूट काढता काढता म्हणाली, “आई, ईस्टरनंतर भागाकार आहे.”

“भागाकार मला येतो,” लतिका कणकेच्या हातांनीच पोरीला जवळ घेत म्हणाली.

“इथं तो वेगळा मांडतात. आडवा. मध्ये दोन टिंबं, शेवटी बरोबरचं चिन्ह.”

“आणि भाजक? डावीकडं ना?”

“उजवीकडं.”

लतिकानं कपाळाला हात लावला. कणीक कपाळाला लागली. “अरे देवा, भाजकसुद्धा!” ती म्हणाली. मग हात धुतले, कोपऱ्यातली पाटी काढून टेबलावर ठेवली आणि विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसली.

“हं, बाई. मांडा.”