बोट कशी आहे?

कांद्याची बोट धक्क्याला लागली, तरी आमचे शेठ मान खाली घालूनच उभे. दर बोटीचा फोटो नाशिकला वहिनींना पाठवायची त्यांची सवय. त्याच फोटोंवरून इथल्या पोलिसांनी त्यांना हेर ठरवून तुरुंगात टाकलं होतं. निर्दोष ठरून ते नुकतेच सुटलेत. सातवीत शाळा सोडलेल्या मला या परमुलखात त्यांनीच कामाला लावलं, म्हणून त्यांच्यासाठी माझा जीव अजून धास्तावतो. आणि राहून राहून वाटतं, कांद्याच्या बोटीत हेराला दिसत तरी काय असेल?

फोनवर वहिनींचा आवाज आला, "बोट आली का हो?"

"आली."

"फोटो नको बाई आता. नुसतं सांगा, कशी आहे?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच मान वर केली.

"निळी आहे गं. टोकाला गंज चढलाय. कठड्यावर पांढरे पक्षी बसलेत."

"कसले पक्षी?"

शेठ दोन पावलं पुढे गेले. "थांब, नीट बघून सांगतो."