चाकातला चिखल
तापलेल्या लोखंडावर पाणी पडून मातीचा वास उठला की मला २०१६ सालची काकूची गाडी आठवते. काकूला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि डहाणूहून तलासरीला ती पहिल्यांदाच आम्हाला नेत होती. शेजारी काका, मागे मी, मांडीवर तिथल्या सभेत वाटायच्या पत्रकांचा गठ्ठा. आशागड सोडून तिने वेग वाढवला तसं स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि खालून धबधब आवाज येऊ लागला. "बिघडवलीस ना? चावी दे, आणि परत मागू नकोस," काका म्हणाले. मी उसळून बायकांच्या हक्कांवर सुरू झाले, तर काकू म्हणाली, "तुझं भाषण तलासरीला कर. आत्ता काच खाली घे, मला ऐकू दे." तिने वेग कमी केला, थरथर थांबली, वाढवला, परत आली. मग गाडी न्यूट्रलला टाकून नुसती धावू दिली, तरी हादरे तसेच. "इंजिन नाही, चाकातच काहीतरी आहे," म्हणत ती उतरली, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला पान्याने खरवडू लागली, आणि चाकाचा तोल घालवणारं वाळलेल्या चिखलाचं हे मोठं ढेकूळ खाली पडलं. "अहो, काल पाणी सोडलेल्या वाडीत चिकू भरायला गाडी कोणी घातली होती?" काका स्वतःच खो खो हसत पाण्याची बाटली घेऊन चाक धुवायला बसले. त्या पत्रकात काय छापलं होतं ते मला आता आठवत नाही. काका मात्र वाडीतून आले की अजूनही आधी चाकं धुतात आणि मगच चावी काकूच्या हातात देतात.