न नोंदलेली मागणी

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. आमच्या फाट्यावरच्या, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेल्या छोट्या लोहमार्गावरच्या, माल-कचेरीत कुणाला किती वाघिणी हव्यात ते एका खिडकीत लिहून घेतलं जायचं. त्या खिडकीत तेहतीस वर्षं एकच बाई बसली. म्हणून ती वाघीणबाई. नाव पडलं तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, मी भेटले तेव्हा सत्तावन्नच्या, आणि नाव त्यांना कधीच शोभलं नाही. आवाज मऊ. चष्मा नाकाच्या टोकावर. कुणी चिडून आलं तर आधी बसायला खुर्ची.

"डरकाळ्या घरी नवरा फोडतो," त्या म्हणायच्या. नवरा शिंपी होता. शिंपीकाकांचा आवाज शिलाई मशीनच्या वर गेलेला मी तरी ऐकला नाही.

मी तिथे पत्रं लिहायला लागले होते, अकरा महिन्यांच्या करारावर. साहित्याची पदवी घेऊन मालगाड्यांच्या कचेरीत आलेली मुलगी, म्हणून सगळे मला पंडित म्हणत. वाघीणबाईंना मी काकू म्हणायचे. काकूंनी माझं पहिलं पत्र चष्म्याखालून वाचलं.

"छान उतरलंय गं. फक्त मीठ कुठून कुठे जायचंय ते राहिलं."

कामाची पद्धत अशी. पुढच्या आठवड्यात ज्यांना डबे हवेत त्यांनी मंगळवारी खिडकीवर यायचं. दोन प्रतींत फॉर्म भरायचा, फी भरायची. काकू ती मागणी वहीत चढवणार. डबे आले नाहीत तरी फी परत नाही. वहीत पूर्वी दोन रकाने होते, मागितलेले डबे आणि दिलेले डबे. नव्या छापील वहीत दुसरा रकाना नव्हता. मुख्य कचेरीकडून वही तशीच आली होती. कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

मुख्य कचेरीत एका आकड्याची पूजा चाले. शंभर कमवायला किती खर्च झाले, तो आकडा. मी लागले त्या वर्षी एकसष्ट होता. आमची रेल्वे एका खासगी कंपनीची; तो आकडा खाली गेला की तिचा शेअर वर जायचा. आकडा खाली आणायचे दोन रस्ते. माल वाढवायचा, किंवा माणसं, इंजिनं आणि फाटे कमी करायचे. दुसरा सोपा. त्यांना शंभर डब्यांची एकच गाडी हवी होती, खाणीत भरलेली, थेट बंदरात रिकामी होणारी. आमच्या फाट्यावर काचवाल्यांना वाळूचे सहा डबे लागत, वखारवाल्याला चार, मिठाच्या गोदामाला पाच. जोडा, सोडा, रूळ बदला. आम्हाला तिकडे चिल्लर म्हणत. फोनवर, आम्हाला ऐकू येईल असं.

संतापाची गोष्ट पुढे आहे. डिझेल स्वस्त होतं तेव्हा ट्रकवाल्यांनी आमचा निम्मा माल पळवला होता. मग डिझेल महागलं. ट्रकचं भाडं परवडेना. कोळशावरची दोन वीजकेंद्रं बंद पडल्याने कंपनीची कोळसा ओढणारी इंजिनं नुसती उभी होती. गिऱ्हाइकं आपण होऊन परत आली. धंदा चालत दारात आला होता. कंपनीने त्याच वर्षी सतराशे डबे भंगारात घातले. आकडा अठ्ठावन्नवर आला. वर्तमानपत्रात अध्यक्षांचा हसरा फोटो आला.

डबे येईनात. काकूंना गिऱ्हाइकांकडून फी घेणं जड जाऊ लागलं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. सोमवारी फोन सुरू व्हायचे.

"बाई, सहा हवेत." हे काचवाले. बाटल्यांचा कारखाना, दोन भट्ट्या, साठ कामगार.

"सहा कुठले? गेल्या आठवड्याचे चार आले का?"

"नाहीत ना आले."

"मग कशाला दोन तासांची फेरी मारता? फीही फुकट जाणार. राहू द्या फॉर्म. डबे आलेच तर मीच कळवीन."

"तुम्ही आहात म्हणून बरं आहे हो."

फोन ठेवून काकू माझ्याकडे बघायच्या. "जे द्यायला नाही त्याचे पैसे काय घ्यायचे?"

मला ते फार चांगलं वाटायचं. मी तेव्हा काही बोलले नाही, यात माझाही वाटा आहे.

हे अडीच वर्षं चाललं. माझा करार दोनदा वाढला. मग एका गुरुवारी कचेरीच्या दाराला नोटीस चिकटली. मागणीअभावी फाटा बंद करण्याचा प्रस्ताव. हरकती तीस दिवसांत वाहतूक आयोगाकडे.

"मागणीअभावी," काकूंनी मोठ्याने वाचलं. "नाचता येईना अंगण वाकडं. डबे यांनी पाठवायचे नाहीत, आणि म्हणे मागणी नाही."

हसत हसतच त्या आत आल्या. पुरावा दाखवू म्हणून वही उघडली. चार पानं उलटली. मग परत पहिल्यापासून उलटायला लागल्या. आठवड्याला चाळीस डबे. अठ्ठावीस. पंधरा. नऊ. पाच. सगळं त्यांच्या अक्षरात, नीट, एका रेषेत. ज्यांना त्यांनी फोनवरून घरी बसवलं त्यांच्यातलं कुणीच वहीत नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला. "पंडित," त्या म्हणाल्या, "फाटा मी बंद केला गं."

मी म्हटलं, नाही काकू. त्यांनी ऐकलं नाही.

सुनावणी एका भाड्याच्या सभागृहात झाली. समोर तीन सदस्य, पाण्याचा जग, कुरकुरणारा पंखा. कंपनीचा वकील तरुण आणि अतिशय नम्र. त्याने वही उघडून काकूंपुढे ठेवली.

"मावशी, हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"काही खोटं लिहिलंय?"

"नाही. पण अपुरं आहे. लोक मागत होते. मीच त्यांना फॉर्म भरू नका म्हणाले."

"का बरं?"

"तुमच्याकडे डबे नव्हते म्हणून."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकीलही हसला. "म्हणजे कंपनीला येणारी मागणी तुम्ही परतवलीत. कंपनीच्या पगारावर बसून."

"हो."

आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, याला काही लेखी आधार आहे का. आधार नव्हता. काचवाले आले होते. ते उठून म्हणाले, मी दर आठवड्याला मागत होतो. वकिलाने विचारलं, सध्या माल कसा जातो? ते म्हणाले, ट्रकने, तीन वर्षांचा करार केलाय, मग काय करणार? वकिलाने मान डोलावली आणि ते कागदावर टिपून घेतलं.

बाहेर काचवाले काकूंना म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण तुमचं ऐकलं नसतं तर चार पैसे गेले असते, फाटा राहिला असता." त्यांनी ते हळू म्हटलं. काकूंनी मान खाली घातली. तो माणूस खरं बोलत होता आणि मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

आठ दिवसांत काकूंना कंपनीचा मेमो आला. आपण कर्तव्यात कसूर करून मागणी नोंदवली नाही, असं आपण आयोगापुढे कबूल केलं आहे. आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. निवृत्तीला आठ महिने उरले होते. पेन्शन अडकू शकत होती.

मेमो हातात घेऊन मी काकूंबरोबर त्यांच्या घरी गेले. चोर ते चोर, वर शिरजोर, असं काहीतरी मी बोलत होते. काका मशीनवर बसले होते. त्यांनी पाय थांबवला.

"ओरडून काय होणार?" ते म्हणाले. "कापड उलटं करून बघा. शिवण आतून दिसते."

काकूंनी मेमो पुन्हा वाचला. या वेळी बराच वेळ लागला.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "मी मागणी नोंदवली नाही, असं हे स्वतःच लिहितायत. म्हणजे मागणी होती."

"तेच म्हणतोय मी."

"मग मी कबूल करते. सविस्तर करते."

त्यांनी करायला घेतलं. अडीच वर्षांच्या प्रत्येक सोमवारी कुणी फोन केला, किती डबे मागितले, त्या काय म्हणाल्या. निम्मं डोक्यात होतं. उरलेल्यासाठी त्यांनी एकेकाला फोन केला. काचवाल्यांनी भट्टीची रोजची नोंदवही पाठवली, त्यात वाळू न आल्याचे दिवस होते. वखारवाला आपल्या डायऱ्या पिशवीत घालून घेऊन आला. "त्या दिवशी पाहुणे होते, म्हणून लक्षात आहे," असं मिठाच्या गोदामातला माणूस म्हणाला, तेव्हा काकूंनी ती नोंद घेतली नाही. "लक्षात आहे चालणार नाही. कागद हवा." मी टाइप करत होते. दोनदा मला वाक्य थोडं सजवावंसं वाटलं. त्यांनी दोन्ही वेळा खोडलं.

बावीस पानं झाली. एकूण दोन हजार नऊशे चौदा डबे. प्रत्येक पानाखाली सही, आणि शेवटी एक वाक्य: वरील सर्व मागणी मी नोंदवली नाही, ही माझी चूक आहे, तिची शिक्षा मला मान्य आहे. एक प्रत कंपनीला. एक आयोगाला.

"पेन्शनचं काय?" मी विचारलं.

"हे आहेत ना शिवायला," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "हो, माझे डोळे काय कायमचे आहेत." आणि दोघंही हसले.

उत्तर सहाव्या दिवशी आलं. इतक्या लवकर कंपनीने आमच्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं मला आठवत नाही. मेमो मागे घेण्यात आला होता. चौकशीअंती असं आढळलं की आपल्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही. आपली वही पूर्ण आणि अचूक आहे. दोन हजार नऊशे चौदा डब्यांबद्दल एक शब्द नव्हता.

तेच पत्र कंपनीने आयोगापुढे ठेवलं. आयोगाचा निकाल दीड पानाचा होता. नोंदी अचूक असल्याचं स्पष्ट झाल्याने कर्मचाऱ्याचं निवेदन विचारात घेण्याचं कारण उरत नाही. फाटा बंद करण्यास मंजुरी.

मी निकाल तीनदा वाचला. कॉलेजात चार वर्षं मी शब्द शिकले. एखाद्या बाईला निर्दोष म्हणून खोटं पाडता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या तिमाहीत कंपनीचा आकडा सत्तावन्न झाला. नफा विक्रमी. एकूण माल सलग तिसऱ्या वर्षी घटलेला. अहवालात त्याचं कारण दिलं होतं, बाजारातली मंदावलेली मागणी. काचवाल्यांनी एक भट्टी विझवली. साठातले सव्वीस घरी गेले. त्यातला एक वखारवाल्याच्या बहिणीचा नवरा होता.

काकूंच्या शेवटच्या दिवशी मुख्य कचेरीतून एक साहेब आले. खिडकीचं टेबल आधीच ट्रकमध्ये चढवलं होतं, त्यामुळे आम्ही उभे होतो. त्यांनी चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं. तेहतीस वर्षं निष्कलंक सेवा.

काकूंनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"हे घेता येणार नाही मला."

"अहो बाई, सन्मान आहे."

"कलंक आहे माझ्या सेवेत. बावीस पानांचा. लिहून दिलाय. तो लागला पाहिजे."

साहेब गोंधळले. माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही समजावून सांगीन. मग हळू म्हणाले, "तुम्हाला पेन्शन पूर्ण मिळतेय. कशाला उगाच?"

"मी चूक केली साहेब," काकू म्हणाल्या. आवाज तोच, मऊ. "कितीएक घरांना भोवली. ती चूक माझी आहे, आणि तुम्ही ती माझ्याकडून काढून घेतलीत."

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. अर्ज होता. विषय: मला दोषी ठरवण्याबाबत. साहेबांनी तो हातात घ्यायला नकार दिला. मग काकूंनी तो मला दिला आणि पोस्टात रजिस्टर करून यायला सांगितलं.

तो गेला. उत्तर आलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्या नवीन अर्ज पाठवतात. परवा सातवा होता. पत्ता माझ्या अक्षरात आहे. मजकुरात एक शब्दही बदललेला नाही.